बाबांच्या पद्मिनीला रॅक-पिनियन टाकू का?

पत्र थोडक्यात असं: नागपूरच्या मनीष नगरमधले एक वाचक, वय ३८, नाव इथे देत नाही. घरी १९७५ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी १९८२ मध्ये सेकंडहँड घेतलेली. बाबा आता ७२ वर्षांचे, गेल्या दसऱ्यापासून त्यांनी गाडी चालवलेली नाही, उजवा खांदा दुखतो म्हणतात. वाचक लिहितात की स्टिअरिंग गेल्या दोन-तीन वर्षांत फारच जड झालंय, वर मधे प्ले पण आहे (म्हणजे व्हील थोडं फिरवलं तरी चाकं हलतच नाहीत), रिंग रोडच्या सिमेंटवर गाडी सरळ राहतच नाही, सारखी सांभाळावी लागते. वाडीकडच्या एका मेकॅनिकने जुना स्टिअरिंग बॉक्स (चाकं वळवणारी गिअरची पेटी) काढून रॅक-पिनियन, म्हणजे आडव्या दातेरी दांड्याचं स्टिअरिंग, टाकायचं सुचवलंय, "भाऊ, मारुती ८०० चा रॅक टाकून देतो, एका बोटाने फिरते, ३५ हजार अन् आठ दिवस." बाबांना विचारलं तर ते फक्त "आहे तशी राहू दे" एवढंच बोलले. आता पुढच्या महिन्यात बाबा पुण्याला मुलीकडे महिनाभर राहायला जातायत, तेवढ्यात काम उरकून परत आल्यावर त्यांना सरप्राइज द्यायचं असं वाचकांच्या मनात आहे. बायकोला हे पटलेलं नाही. प्रश्न दोन आहेत, रॅक टाकावा का, आणि मारुतीचा रॅक चालेल का?

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबलो. तुम्ही ते अगदी जाता जाता लिहिलंय, की तीन वर्षांपूर्वी गाडीला अलॉय टाकले, ते बसत नव्हते म्हणून मागून स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या) लावले, आणि टायर १७५ चे घेतले, गाडी मस्त दिसायला लागली. आणि त्याच्या खाली चार ओळींवर लिहिलंय की स्टिअरिंग "गेल्या दोन-तीन वर्षांत" जड झालं. ही दोन वाक्यं तुम्ही शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचा बरं.

पद्मिनीला मूळचे टायर ५.२०-१४ साइजचे. ५.२० म्हणजे इंच, म्हणजे टायरची रुंदी साधारण १३२ मिलिमीटर. तुम्ही टाकले १७५. जवळजवळ सव्वापट ते दीडपटीच्या मधलं काहीतरी झालं ते, आणि हे सगळं रबर गाडी उभी असताना रस्त्यावर रगडत वळवायचं काम त्याच जुन्या स्टिअरिंग बॉक्सवर आणि बाबांच्या खांद्यावर आलं. स्पेसरचं वेगळंच दुखणं. चाक बाहेर सरकलं की किंगपिनची (ज्या उभ्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिची) रेषा रस्त्याला जिथे भेटते तिथून टायरचा मध्य लांब जातो, मग प्रत्येक खड्ड्याचा, सिमेंट रोडच्या प्रत्येक जॉइंटचा धक्का लांब दांड्याने मारल्यासारखा स्टिअरिंगवर येतो, गाडी रस्त्याच्या उतारासोबत इकडेतिकडे ओढली जाते आणि व्हील बेअरिंगवर जो ताण पडतो तो वेगळाच. तुम्ही जे "सरळ राहतच नाही" लिहिलंय ना, त्यातला मोठा वाटा इथून येत असेल असं मला वाटतं. आणि एक विचारायचं राहिलंच, अलॉयसोबत स्टिअरिंग व्हीलपण बदललं का? काही जण छोटं स्पोर्टी व्हील टाकतात. पद्मिनीचं मूळ व्हील एवढं मोठं आणि बारीक होतं ते काही उगाच नव्हतं, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत तो घेरच तुमची ताकद वाढवत असतो.

मी तुम्हाला दोष देत नाहीये हं. गाडीवर प्रेम आहे म्हणूनच माणूस तिला नटवतो. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट धरून चालल्यासारखी वाटली, की जुनं स्टिअरिंग म्हणजे जड स्टिअरिंग, डिझाइनच तसं, म्हणून ते बदलल्याशिवाय इलाज नाही. हे खरं नाही. मुंबईत हीच गाडी कित्येक दशकं काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या, आणि साठी ओलांडलेले ड्रायव्हर लोक दिवसदिवसभर त्या गर्दीत तेच स्टिअरिंग फिरवत होते. ते काही पहिलवान नव्हते. नीट ठेवलेल्या, बारीक टायरच्या पद्मिनीचं स्टिअरिंग गाडी जरा सरकली की छान हलकं होतं. म्हणजे तुमच्या गाडीत काहीतरी बिघडलंय, आणि काय बिघडलंय ते शोधायच्या आधीच तुम्ही आख्खी सिस्टीम काढून फेकायला निघालात.

शोधायचं कसं ते सांगतो, हे कोणत्याही जुन्या गाडीला चालतं, फियाट असो की जीप. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली मजबूत स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली घुसू नका. आता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. चाकं हवेत असताना हलकं फिरतंय आणि जमिनीवर जड होतंय, तर दोष टायर, हवा नाहीतर अलाइनमेंटचा, बॉक्सला हात लावायची गरजच नाही. हवेतही जड असेल तर घर्षण आत कुठेतरी आहे. मग ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून निघणारा, चाकांचे रॉड ओढणारा दांडा) रॉड सोडवा. आता स्टिअरिंग एकटं फिरवा आणि चाकं हाताने एकटी वळवा. स्टिअरिंग जड असेल तर बॉक्स किंवा कॉलमचा बुश, चाक जड असेल तर किंगपिन. एवढं अर्ध्या दिवसात कळतं, आणि खर्च म्हटला तर मेकॅनिकची अर्ध्या दिवसाची मजुरी.

माझी पैज किंगपिनवर आहे. उन्हात, धुळीत उभ्या असलेल्या गाडीचे ग्रीस निपल चोंदलेले असतात, मेकॅनिक गन लावतो, वरून थोडं ग्रीस बाहेर आलं की "झालं साहेब" म्हणतो, आत मात्र एक थेंब गेलेला नसतो. ग्रीस करताना चाक उचललेलं हवं, म्हणजे वजन निघतं आणि ग्रीस जिथे खरं दाबलं जातं त्या थ्रस्टच्या जागेपर्यंत पोचतं, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन त्यामागून नवं स्वच्छ दिसेपर्यंत गन सोडायची नाही. निपल चोंदलं असेल तर बदला, चिल्लर किमतीची वस्तू आहे. एवढ्यानेच गाडी बदलल्यासारखी वाटलेली मी पाहिलीय, माझ्या स्वतःच्या फियाटमध्ये, आणि त्याआधी मी दोन वर्षं हात दुखवून घेत होतो.

प्लेचं बघायचं असेल तर गाडी जमिनीवर, इंजिन बंद, एकाने स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली बॅटरी घेऊन बघायचं, हालचाल नेमकी कुठे हरवते. पद्मिनीत वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि त्यावर चालणाऱ्या रोलरचा बॉक्स, त्याचा ड्रॉप आर्म, मग मधला रॉड, पलीकडच्या बाजूला आयडलर (ड्रॉप आर्मचा जोडीदार दांडा), मग दोन्हीकडचे टाय रॉड (चाकांना जोडणारे दांडे), एवढे सांधे आहेत आणि प्रत्येकाने जरा जरा ढिलाई दिली तरी सगळ्यांची मिळून स्टिअरिंगवर मोठी दिसते. बहुतेक वेळा आयडलरचा बुश आणि टाय रॉडचे एंड गेलेले असतात, आणि शिव्या खातो बिचारा बॉक्स. बॉक्सवर एक अॅडजस्टिंग स्क्रू असतो, त्याने रोलर वर्मकडे सरकतो, आणि तो स्क्रू म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजांचा आवडता खेळ. प्ले आहे? दे पाऊण फेरा. मग प्ले जातो पण स्टिअरिंग आवळतं, वळण घेतल्यावर आपोआप सरळ येत नाही, आणि आतला वर्म खायला लागतो. तो स्क्रू फक्त चाकं सरळ असतानाच लावायचा असतो, कारण वर्म मध्यावर सगळ्यात घट्ट असतो, टोकाला ढिलाच राहतो. टोकाला ठेवून घट्ट केला की मध्यात आवळलाच म्हणून समजा. त्याच्याही आधी वर्मचा वर-खाली प्ले शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) काढायचा असतो, ते कोणी करतच नाही. आणि आत ईपी ९० गिअर ऑइल असायला हवं, ग्रीस नाही. गळतं म्हणून ग्रीस भरून देणारे आहेत, पण ग्रीस एकदा वर्मवरून बाजूला गेलं की परत वाहून येत नाही, दात कोरडे चालतात. गळत असेल तर सील बदला. थोडासा प्ले ठेवायचाच, या बॉक्समध्ये शून्य प्लेच्या नादी लागलेल्या माणसाने बॉक्स खराबच केलाय.

आता रॅककडे येतो, कारण तुमच्या मेकॅनिकला मी खोटा ठरवत नाहीये. रॅक-पिनियन चांगलीच चीज आहे. स्टिअरिंगच्या टोकाला छोटं दातेरी चाक, ते आडव्या दातेरी दांड्याला सरकवतं, दांड्याची टोकं थेट टाय रॉडला, सांधे कमी, म्हणून प्ले कमी आणि हाताला रस्ता नेमका कळतो. आणि हे काही फार नवं पण नाही, आपल्या अॅम्बेसिडरला पहिल्यापासून रॅकच होता, तिच्या पूर्वज मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेला. (म्हणून अॅम्बेसिडरवाले वाचक मला "रॅक टाकू का" विचारतात तेव्हा मी म्हणतो, आधीच आहे हो तुमच्याकडे, त्याचे बुश बघा.) पण यातूनच दुसरी गोष्ट निघते बघा. अॅम्बेसिडरला रॅक होता म्हणून ती कोणी एका बोटाने फिरवत होतं का? नाही. स्टिअरिंग हलकं की जड हे रॅक आहे का बॉक्स आहे यावर ठरत नाही, किती फेऱ्यांत चाक किती वळतं, पुढच्या चाकांवर वजन किती आणि टायर कोणते, यावर ठरतं. मारुती ८०० चं वजन साधारण ६५० किलो. तुमची पद्मिनी ९०० किलोच्या आसपास. तो रॅक त्या हलक्या गाडीसाठी, तिच्या बारीक टायरसाठी बनवलेला. तोच रॅक तुमच्या १७५ च्या टायरखाली लावला तर हलका होण्याऐवजी जागेवर वळवताना आणखी जड होऊ शकतो. एका बोटाने फिरते हे वाक्य मेकॅनिकने मारुतीत बसून अनुभवलेलं आहे, पद्मिनीत नाही.

आणि आठ दिवसांच्या कामात काय काय येतं ते त्याने तुम्हाला सांगितलंय का? पद्मिनीचा गिअर स्टिअरिंग कॉलमवर आहे. त्या कॉलमच्या अंगानेच गिअरची नळी आणि लिंकेज खाली जातं. रॅक टाकायचा म्हणजे कॉलमचं खालचं टोक वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात न्यायचं, मधे युनिव्हर्सल जॉइंट टाकायचे, मग गिअरचं काय करणार? हा प्रश्न त्याला विचारा आणि तो उत्तर देताना अडखळतो का बघा. मग रॅक बसवायचा कुठे, इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला घासणार नाही ना, क्रॉस मेंबर (पुढची आडवी तुळई) कापावा लागणार का. मारुतीत रॅकचं तोंड ज्या बाजूला असतं त्याच्या उलट बसवला तर स्टिअरिंग डावीकडे आणि चाकं उजवीकडे, हे ऐकायला अशक्य वाटतं पण जुगाडात झालेलं आहे. शेवटी पार्किंगमध्ये वळायला चाक पूर्वीएवढं वळतं का तेही बघायचं, कारण रॅकचा प्रवास कमी पडला की वळणाचा घेर वाढतो आणि महालातल्या गल्लीत गाडी तीनदा पुढे-मागे करावी लागते.

पण सगळ्यात मोठी भानगड दिसतच नाही, ती रस्त्यावर कळते. चाक खड्ड्यात खाली गेलं की सस्पेन्शनचे वरचे-खालचे आर्म आपापल्या गोलाईत फिरतात, आणि टाय रॉडही आपल्या गोलाईत फिरतो. या गोलाया जुळल्या नाहीत तर चाक खाली-वर होताना आपोआप वळतं, तुम्ही स्टिअरिंग धरून बसलेले असलात तरी. याला बंप स्टिअर म्हणतात. मूळ डिझाइनमध्ये कंपनीने सांध्यांच्या जागा मोजून ठेवलेल्या असतात, दुसऱ्या गाडीचा रॅक त्याच्या स्वतःच्या लांबीचा असतो, तो जास्त लांब, जास्त आखूड किंवा वर-खाली बसला की ही गणितं मोडतात. माझ्या एका मित्राने आपल्या पद्मिनीत असंच काम करून घेतलं, कुठल्या गॅरेजमध्ये ते सांगत नाही, दिसायला काम अगदी स्वच्छ होतं. शहरात काही कळलं नाही. काटोल रोडला साठच्या स्पीडला एका खचक्यात गाडी स्वतःहून डावीकडे वळली, झाडापासून चार हातांवर थांबली. त्याची बायको आणि लेक मागे बसलेली होती. नंतर मोजलं तर रॅक हवा त्यापेक्षा दीड इंच वर होता. परत जुनं बसवू म्हटलं तर बॉक्सची मूळची बैठक गॅसने कापलेली, आणि बॉक्स भंगारात विकलेला. ती गाडी त्यानंतर अडीच वर्षं पोर्चमध्ये उभी राहिली. मला हे लिहितानाही बरं वाटत नाहीये, पण तुमच्या पत्रातला "आठ दिवस" हा शब्द वाचला आणि तीच गाडी डोळ्यांसमोर आली.

म्हणून, हे सगळं वाचूनही कोणाला रॅक टाकायचाच असेल, तर मेकॅनिककडून एक गोष्ट आधी कबूल करून घ्या. वेल्डिंग पक्कं करायच्या आधी पुढच्या स्प्रिंगा काढून चाक जॅकने पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत हलवायचं आणि ते आत-बाहेर किती वळतं हे समोर फळी ठेवून मोजायचं. जो हे करायला तयार नाही त्याच्याकडून काम करून घेऊ नका, त्याचा स्वभाव कितीही चांगला असो. स्टिअरिंग आर्म गॅसवर तापवून वाकवणं आणि टाय रॉड कापून जोडणं या दोन गोष्टी तर होऊच द्यायच्या नाहीत, तापवलेलं लोखंड आज धरतं आणि एक दिवस सोडतं. बॉक्सची मूळ बैठक कापायची नाही, काढलेला प्रत्येक पार्ट चिठ्ठी लावून घरी आणायचा.

कागदांचं पण बघा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम असं आहे की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीबुकातली माहिती जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही याच बाजूने निकाल दिलाय. आरसीबुकात स्टिअरिंगचा रकाना नसतो हे खरं, पण पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी आणि चेसिस एकच आहे, म्हणजे रॅकसाठी कापाकापी केली की ती बॉडीतच केली. उद्या अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्याने पाहिलं की स्टिअरिंग दुसऱ्या गाडीचं आहे आणि तुम्ही कळवलेलं नाही, तर तुम्हाला भांडायला जागा राहत नाही. शिवाय तुमची गाडी १९७५ ची, पन्नाशी गाठलेली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली गाडी असेल तर व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, फी २० हजार, मुदत १० वर्षं. तुमच्या गाडीला ही वाट आज उघडी आहे, बॉडी कापली की बंद होऊ शकते. अर्थात मी तुम्हाला लगेच तिकडे जा म्हणत नाहीये, कारण त्या नंबरवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच, आणि तुम्हाला तर बाबांना घेऊन रविवारी रामटेकला जायचंय असं लिहिलंय. पण दार उघडं ठेवायला पैसे लागत नाहीत.

आणि समजा सगळं तपासल्यावर खरंच बॉक्स गेलेला निघाला, वर्मवर खड्डे पडलेले, रोलर तासला गेलेला, तरी पहिला पर्याय दुसरा पद्मिनीचा बॉक्स. एवढ्या टॅक्सी मुंबईत होत्या म्हणून पार्टही ढिगाने बनले, मुंबईच्या जुन्या पार्टच्या बाजारात आणि आपल्याकडे भंगारात अजून मिळतात, बुश तर कोणताही चांगला लेथवाला ब्राँझचे बनवून देतो, हिंगणा एमआयडीसीत एवढे लेथ आहेत. कोणी तुम्हाला कॉलमवर बसणारं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगपण सुचवेल. त्यात मूळ बॉक्स जागेवर राहतो हे चांगलं, पण तुमच्या गाडीत कॉलमवर गिअर आहे म्हणजे जागेची तीच मारामारी, आणि ती मोटर जोरात वळवताना भरपूर करंट ओढते, तुमच्या गाडीत अजून जुना डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर आणि वायरिंग. ज्यांच्या गाडीचा गिअर खाली फ्लोअरवर आहे आणि ज्यांना खरोखर हाताचा त्रास आहे त्यांच्यासाठी मी रॅकच्या आधी याचा विचार करीन.

आता बाबांबद्दल, आणि हे मी सगळ्यात शेवटी लिहितोय पण माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं.

तुम्ही लिहिलंय की बाबांनी स्टिअरिंग जड म्हणून गाडी सोडली. हे बाबा म्हणाले, की तुम्हाला वाटलं? पत्रात तर ते फक्त खांदा दुखतो एवढंच म्हणाल्याचं आहे. उजवा खांदा. पद्मिनीत डावा हात गिअरवर गेला की स्टिअरिंग एकट्या उजव्या हातावर असतं, म्हणजे त्रास खरा असणार यात शंका नाही. पण ७२ व्या वर्षी माणूस गाडी सोडतो त्याला आणखीही कारणं असतात, रात्री समोरच्या एलईडी दिव्यांनी डोळे दिपतात, वर्धा रोडला उड्डाणपूल आणि मेट्रोच्या खांबांमधून कुठून वळायचं ते कळत नाही, एखाद्या दिवशी थोडक्यात बचावलेले असतात आणि घरी सांगितलेलं नसतं. मुलाला सांगायला जड जातं ते. खांदा सांगायला सोपा असतो. आणि खांदा तर खांदाच असेल तर आधी हाडाच्या डॉक्टरला दाखवा, आखडलेला खांदा फिजिओथेरपीने बराच मोकळा होतो, त्याचा इलाज गॅरेजमध्ये नाही. गाडीत बघायचंच असेल तर एकदा सीट बघा. पुढचं ते लांब बाकासारखं सीट पन्नास वर्षांत खाली बसलेलं असतं, ड्रायव्हर आत खचतो, मग स्टिअरिंग खांद्याच्या उंचीला येतं आणि प्रत्येक वळणाला हात वर उचलून काम करावं लागतं. सीटच्या स्प्रिंगा आणि फोम नवे करून बाबांना दोन इंच वर बसवलं तर खांद्याला रॅकपेक्षा जास्त आराम पडेल, मी हे अगदी मनापासून सांगतोय.

सरप्राइज मात्र करू नका. तुमच्या बायकोचं बरोबर आहे. ज्या माणसाने १९८२ पासून त्या गाडीचा प्रत्येक आवाज ऐकलाय त्याच्या हाताला स्टिअरिंगचा तो थोडासा प्ले, वळणानंतर व्हील हातातून सुटत सरळ येणं, हे सगळं ओळखीचं आहे. ते पुण्याहून येतील, हौसेने बसतील, आणि पहिल्याच वळणाला त्यांना कळेल की आपल्यामागे आपल्या गाडीत काहीतरी केलंय, जे ते नको म्हणाले होते. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी त्यांना ते "तुमचं आता कोणी ऐकत नाही" असंच ऐकू येईल. आणि शरीराला सवय नसलेलं, जास्त तेज स्टिअरिंग ७२ वर्षांच्या हातात अचानक देणं हे सुरक्षितपण नाही.

त्यापेक्षा ते पुण्याला जायच्या आधीचा एक रविवार काढा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, गाडी पोर्चमध्ये जमिनीवरच उभी ठेवा, बाबांना ड्रायव्हर सीटवर बसवा आणि तुम्ही खाली जा. वर सांगितली ती प्लेची तपासणी दोन माणसांशिवाय होतच नाही, कोणीतरी स्टिअरिंग हलवायला हवंच ना. ते वरून हलवतील, तुम्ही खालून सांगा कुठे हलतंय. त्यांना विचारा शेवटचं किंगपिन कधी झालं होतं, बॉक्स कोणी उघडला होता, कोणत्या मेकॅनिकने काय केलं होतं, ही माहिती आरसीबुकात नाही, त्यांच्याच डोक्यात आहे. कदाचित "आहे तशी राहू दे" या वाक्याचा पुढचा भागपण तेव्हाच बाहेर येईल.

ते पुण्याला गेले की मग मेकॅनिककडून ठरलेलं काम करून घ्या, त्यांच्या माहितीतलं आणि संमतीचं, किंगपिन, बुश, टाय रॉड एंड, सील, ऑइल, नंतर अलाइनमेंट. कॉम्प्युटरवाल्याकडे पद्मिनीचा डेटा बहुतेक नसतोच, जुन्या माणसाकडून दोरी लावून टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली हवीत ते माप) काढून घ्या, चालतं ते उत्तम. सगळं मिळूनही ३५ हजारांच्या बरंच खाली बसेल असा माझा अंदाज आहे, बॉक्स पूर्ण नवा करावा लागला तर गोष्ट वेगळी.

आणि या सगळ्याच्या आधी, मेकॅनिकला फोन करायच्याही आधी, ते स्पेसर काढा. मूळचे लोखंडी रिम आणि १५५ च्या आसपासचे बारीक रेडियल, हवा बरोबर भरून, आठ दिवस गाडी चालवून बघा. रिम कुठे गेले ते तुम्हाला आठवत नसेल तर बाबांना विचारा. तुम्ही अलॉय टाकले त्या दिवशी त्यांनी ते पुसून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले असतील.